पन्नासच्या आसपास

रेडिंगबाहेरच्या या खोलीला खिडक्या नाहीत.
ऊन मला आकड्यांतच दिसतं.
मे महिन्यातला रविवार, दुपारचा एक,
आणि देशाची मागणी बसत चाललीय
फुग्यातली हवा जावी तशी.
लोक वीज कमी वापरतात असं नाही.
केंटमधल्या, डेव्हनमधल्या छपरांनी
आपापला चहा आपणच उकळायला घेतलाय
आणि छपरं मला काही कळवत नाहीत.
ब्रिस्टलवरून एक ढग सरकतो,
मागणी हळूच वर येते.
ढगाचा फोन नंबर माझ्याकडे नाही.

भिंतीवर एकच मोठा आकडा. ४९.९८.
५०.०३.
४९.९९.
नव्याने आलेल्या टोबायसला मी सांगते,
निजलेल्या तान्ह्याच्या पोटाकडे बघतात ना,
तसं बघत राहा याच्याकडे.
वर-खाली होतंय, एवढंच हवं.

माझ्याआधी या खुर्चीत क्लाइव्ह ऑर्मरॉड बसायचा.
त्याच्या काळी कोळसा होता.
हंबरपासून टेम्सपर्यंत हजारो टन लोखंड
एकाच ठेक्यात, मिनिटाला तीन हजार फेरे.
एखादं यंत्र मटकन बसलं तरी बाकीची
वजनाच्या जोरावर चार क्षण ओढून न्यायची,
खुंट्यावरचा हात काढल्यावरही
जातं अर्धा फेरा फिरतंच, तसं.
जडत्व. शाळेत हा शब्द मला
आळसाचा चुलतभाऊ वाटायचा.
आता त्याची किंमत मी मेगावॉट-सेकंदांत मोजते
आणि कमी पडला तर विकत घेते.
पवनचक्क्या फिरतात, पण आपल्या तालात,
ग्रिडशी त्यांचं बोलणं दुभाष्यामार्फत.
सौर पॅनेल तर जागचं हलतही नाही.

एक एकेचाळीस. केथनेसला फोन.
"मॉरॅग, बारा पंखे थांबव."
"परत?" ती म्हणते. पाठीमागे वारा
दाराशी भांडतोय, मला इथपर्यंत ऐकू येतं.
दक्षिणेकडची लाइन भरलीय काठोकाठ.
आडात आहे, पोहराच तोकडा.
त्याच मिनिटाला लिंकनशरच्या गॅसवाल्यांना सांगते, पेटवा.
एकाला गप्प बसण्याचे पैसे, दुसऱ्याला बोलण्याचे.
टोबायस माझ्याकडे बघतो.
मीही पहिल्या वर्षी असंच बघायचे.

दोन सात.
समुद्राखालची केबल गेली. हजार मेगावॉट,
एक पापणी लवते न लवते तोच.
४९.८६
४९.७४
माझा हात माउसपर्यंत पोचायच्या आत
कुठल्याशा मेंढ्यांच्या कुरणात उभ्या
पांढऱ्या कंटेनरांतल्या बॅटऱ्यांनी
सगळं ओतून टाकलं.
४९.७१. थांबला.
४९.८०.
"आपण काय केलं?" टोबायस विचारतो.
"अजून काही नाही," मी म्हणते,
आणि वेल्समधल्या डोंगराला पाणी सोडायला सांगते.
मग हात मांडीवर ठेवते, कारण ते थरथरतायत.

तारेवरची कसरत म्हणतात लोक.
तारेवरून चालणाऱ्याला निदान तार दिसते.

परवा क्लाइव्हचा फोन आला होता.
त्याच्या जुन्या केंद्राची धुरांडी पाडली,
एक यंत्र तेवढं ठेवलंय.
वाफ नाही, आग नाही. आता ग्रिडच
त्याला फिरवतं, चिमूटभर वीज खाऊन.
देत काही नाही, फक्त वजन देतं.
महिन्यातून एकदा तो कुंपणाशी जातो,
गाडीतून फ्लास्क आणतो, आणि ऐकतो.
"तोच सूर आहे गं," म्हणाला, "पण पोट रिकामं."
मी विचारलं, वाईट वाटतं का.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग म्हणाला, बेअरिंग चांगलं ठेवलंय पोरांनी.

सात वाजले. ऊन छपरांवरून उतरतंय,
आणि खाली, एकेका घरात,
एकेक बटण.
४९.९६.
टोबायस, तुझा चहा गार झाला.