दोन बोटं माया

कपाट उघडलं की कपडे अंगावर यायचे माझ्या,
आणि अंगात घालायला एकही नसायचा.
पंधरा वर्षं हे असं.
लक्ष्मीपुरीत बँकेच्या खिडकीमागं बसून
लोकांच्या बचतीवर शिक्के मारणारी मी,
आणि घरी लोखंडी कपाटात ही उधळपट्टी:
फुग्याच्या बाह्यांचा ब्लाऊज, एका लग्नापुरता,
गुडघ्यावर फाडून विकलेली जीन्स
(आईनं ती एका दुपारी मन लावून रफू केली),
आणि ज्या साली अख्खी राजारामपुरी मोरपंखी झाली होती
त्या सालचे मोरपंखी कुडते. तीन.

शेवटी सगळं चादरीत बांधलं
आणि शिकलगार मास्तरांकडं नेलं,
पापाच्या तिकटीजवळ, चामड्याच्या वासाच्या बोळात.
म्हटलं, यातलं जगण्यासारखं काय आहे बघा.
मास्तरांनी रंग बघितला नाही, नक्षी बघितली नाही.
एकेक कपडा उलटा केला,
शिवण चिमटीत धरली.
"ह्यात माया न्हाई."
पुढचा.
"ह्यात बी न्हाई."
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"आत दुमडून दोन बोटं कापड ठेवत्यात, ती माया.
माणूस सुटतंय, वाळतंय, बाळंतपण असतंय, दुखणं असतंय.
कापडानं जरा सरकून जागा द्याय नको व्हय?"

त्रेचाळिसातले नऊ निघाले.

आज त्यातले सातच आहेत, आणि नवे चार.
इचलकरंजीच्या मागावरचं पांढरं कापड, त्याचे दोन कुडते.
काळी सरळ सलवार, जिला कशाचंच वावडं नाही.
आईची इरकल. तिचा काठ माझ्यापेक्षा वयानं मोठा,
म्हणून तिच्यापुढं मी जरा सावरून बसते.
आणि पायात त्या करकरणाऱ्या:
पहिला आठवडा चावल्या,
मग माझ्या पायाच्या झाल्या. तेल मात्र मागतात.

नवीन काही घेताना दुकानातल्या आरशाला विचारत नाही.
तो मालकाच्या पगारावर आहे.
मी हात वर करून बघते, केएमटीचा दांडा धरल्यासारखा.
पंगतीत मांडी घालता येईल का,
तांबडा रस्सा सांडला तर डाग निघेल
की मी रडेन.
आणि मग महिनाभर थांबते.
महिन्यानं तो कपडा स्वतःहून आठवला तर जाते आणायला.
बहुतेकदा रंगसुद्धा आठवत नाही.

परवा भाची आली, शाल्मली, मोबाईल नाकासमोर धरून:
"आत्या, मी ही घेतो. आता सगळ्या हीच घालतात."
(कोल्हापूरची पोर. घरी मीपण असाच बोलतो,
बँकेत तेवढं बोलते.)
पॅन्ट एवढी रुंद
की एका पायात आमची शाखा मावेल, मॅनेजरसकट.

शहाण्यासारखं काहीतरी जिभेवर आलं होतं.
पण त्या तीन मोरपंखींतला एक
मी अजून ठेवलाय, सगळ्यात खाली.
माया नाही त्यात. दंडात बसत नाही.
तो घालून रंकाळ्याच्या कट्ट्यावर
एका संध्याकाळी मी दिवे लागेपर्यंत थांबले होते,
कुणासाठी ते आता महत्त्वाचं नाही.
मास्तरांनी तो नापास केला तेव्हा
मी गुपचूप परत गाठोड्यात सरकवला.

म्हटलं, घे.
वर्षाला एक चूक, स्वतःच्या पैशानं.
फक्त पैसे द्यायच्या आधी उलटी करून बघ.

ती गेली गांधीनगरला.
सात वाजता फोन, मागं दुकानाचा कालवा:
"आत्या, दोन बोटं नाहीये गं. एकच आहे.
घेऊ?"

कुणाचं बोट, म्हणालो मी.
तुझं, का मास्तरांचं?