सत्तर ते दोनशे

रोकिश्किसच्या शाळेचा हॉल
बाहेरून उजेडाचा डबा वाटतो,
आत मात्र कॅमेऱ्याला कायम संध्याकाळ.
सहा दिवे. त्यातला एक नोव्हेंबरपासून फुरफुरतोय,
त्यामुळे एका फोटोत योगिले पिवळी
आणि लगेच पुढच्यात हिरवी,
बरणीतल्या काकडीसारखी.

कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स जवळचं बरं बघते.
लांबचं दाखव म्हटलं की डोळे मिटू लागते,
जेवून खुर्चीत टेकलेल्या माझ्या सासऱ्यांसारखी.
मग पोरगी, वय चौदा, नंबर अकरा,
बास्केटकडे झेपावते तेव्हा
फोटोत एक मऊ पांढरा ढग
आणि ढगाला दोन बूट.

कंपनीची स्वतःची लेन्स दुकानात काचेमागे होती.
किंमत वाचली. पुन्हा वाचली, शून्यं मोजत.
मी कारखान्यात चीजची चाकं गुंडाळते,
तासाला अडीचशे.
त्या लेन्सची किती चाकं होतात
ते बसमध्ये मोजायला घेतलं
आणि माझा स्टॉप मागे गेला.

मग तिऱ्हाइतांनी बनवलेल्या.
घरच्या नव्हेत, पण घराच्या दाराला बसतात.
तीन आठवडे रात्री हेच.
पंच्याऐंशीची स्वस्त होती, उजेड घटाघटा पिणारी,
पण जागची हलत नाही:
योगिले जवळ आली की डोकं कापणार,
लांब गेली की मुंगी.
एकीत हात स्थिर ठेवायची सोय, शंभर युरो जास्त.
घेच ती, कामावरची औश्रिने म्हणाली.
पण ती सोय माझा हात थरथरतो तो थांबवते,
पोरगी पळते ती नाही.
आणि माझा हात थरथरत नाही.
दिवसाला दोन हजार चाकं.

उरली ती सत्तर ते दोनशे,
शेवटपर्यंत ताणली तरी दोन-पॉइंट-आठ उघडी राहणारी,
वापरलेली, बिनसोयीची.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल.
हॉलमधला अंधार मात्र
माझं अंथरूण बघून पडत नाही.

विकणारा पानेव्हेझिसचा, झेनोनास.
अर्ध्या वाटेवर, कुपिश्किसच्या पेट्रोल पंपावर भेटलो.
उणे चौदा.
साठीचा माणूस, फरची टोपी,
लेन्स लोकरीच्या पायमोज्यात.
काचेवर ओरखडा नाही, रबर थोडं पांढरं पडलेलं.
फिरवली तर आत कुठेतरी वाळूचा कण बोलला.
“समुद्रावर नेली होती एकदा,”
तो म्हणाला, मी न विचारताच.

मी म्हटलं, फोकस किती पटकन धरते ते बघायचंय,
आणि इथे तर सगळं उभंच आहे.
तो थोडा वेळ सॉसेजच्या कपाटाकडे बघत राहिला.
मग कोट काढला. टोपी काउंटरवर ठेवली.
आणि थंड पेयांच्या फ्रिजपासून
काच धुवायच्या पाण्याच्या कॅनपर्यंत
धावत आला, नसलेला चेंडू आपटत,
आणि उडी मारली.

लेन्स आधी मागच्या कॉफीयंत्रावर गेली,
परत येताना अडखळली.
“पुन्हा,” मी म्हटलं.
पुन्हा मारली.
तिसऱ्या उडीला काउंटरवरची मुलगी गुण मोजू लागली.
पाचव्या वेळी मी त्याच्या मागे धावलेच नाही,
कॅनपाशी, तो येणार तिथे,
आधीच फोकस धरून थांबले.

तीनशे दहा युरो. मोज्यासकट.

आता दहापैकी चार फोटो लागतात.
बास्केटखालच्या रेषेवर रोखून ठेवायचं
आणि पोर येईपर्यंत श्वास सोडायचा नाही.
हनुवटीवरचा घाम दिसतो.
पुरळही दिसतात, योगिले म्हणते, काढून टाक हा.

फ्रिजवर मात्र झेनोनासच आहे:
जमिनीपासून वीतभर वर, शर्ट सुटलेला,
जीभ दाताखाली,
बुटाची नाडी न् नाडी स्पष्ट.
योगिले दूध काढताना रोज थांबून बघते.
काल म्हणाली,
“कोपर बाहेर जातंय त्याचं.
पण उडी खरी आहे.”