पान एकेचाळीस

एप्रिल उजाडला तरी डुलुथला सरोवरावर बर्फाचे पापुद्रे असतात
आणि माझ्या टेबलावर प्रबंधांची चळत.
मी विभागाची कारकून. बाइंडिंगला धाडण्याआधी
पानं मोजायची, समास तपासायचे.
वाचायचं काम माझ्याकडे नाही.

तरी वाचते.
यंदा शेवटच्या वर्षाला बावीस मुलं,
बावीस जणांनी पृथ्वी कलिंगडासारखी फोडी करून वाटून घेतली:
कुणाला बोलिव्हियाचं पाणी, कुणाला मोरोक्कोचं खत,
काओनूला अक्राचा जुन्या कपड्यांचा बाजार.
सोल्वेगनं मात्र गाव सोडलं नाही.
सायकल काढून बंदरावर जायची, खलाशांच्या विश्रामघरात,
जिथं चर्चच्या बायका लोकरीच्या टोप्या ठेवून जातात
आणि वायफाय फुकट असतं.

यात जागतिक ते काय, सरांनी विचारलं.
ती म्हणाली, गहू न्यायला आलेलं जहाज,
झेंडा लायबेरियाचा, मालक ग्रीक, आचारी इलोइलोचा,
आणि त्याच्या लेकीचा ताप उतरला का
ते विचारायला फोन माझा.

तो आचारी म्हणजे सहभागी क्रमांक सात.
संमतीपत्रावर सही करता करता म्हणाला,
नाव का नाही लिहायचं?
नियम आहे. तुमच्याच भल्यासाठी.
तो हसला. जहाजावरही असंच सांगतात.

मग पान एकेचाळीस.
वर एकच ओळ:
इथे त्यांच्या सांगण्यावरून रेकॉर्डिंग बंद केलं.
खाली काही नाही.
पहिल्या खर्ड्यात समासात सरांची पेन्सिल:
आठवेल तेवढा सारांश तरी दे.
दुसऱ्यात पुन्हा तेच, जरा दाबून.
तिसऱ्यात पेन्सिल नाही,
पान होतं तसंच.

माझे वडील खनिजाच्या बोटीवर होते.
डिसेंबरात घरी यायचे, जेवायचे, झोपायचे,
खिडकीशी बसून नखं काढायचे.
मी त्यांना काहीच विचारलं नाही.
बंद करायला
काही चालूच नव्हतं.

दुपारी बाइंडिंगवाल्याचा फोन आला.
एक पान जवळजवळ कोरंच आलंय,
चुकून छापलं असेल, काढून टाकू?

नको, म्हटलं.
ते मोजलंय मी.