मालमत्ता क्रमांक ४४७१

नवी पेठेत एका जिन्याखाली इरफान मणियार बसतो.
तिथं मी तो आधी उलटा करून पाहिला,
आमच्यात चादर पाहतात तसा.
सुलटी बाजू कुणालाही फसवते.

पाठीवर सात स्क्रू, एकाचं डोकं गेलेलं,
आणि चंदेरी स्टिकर: मालमत्ता क्रमांक ४४७१,
खाली पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं अर्धं नाव.
"काढून देऊ का ताई? रॉकेल लावलं की निघतंय."
राहू दे म्हटलं.
साडेअकरा सांगितले, साडेनऊवर आला, वर एक माऊस.

घरी अप्पांनी मांडीवर घेतला, हातानंच तोलला,
बिजागरी उघडली, मिटली, उघडली.
"मंचिदे," एवढंच म्हणाले, आणि मागाकडं गेले.
त्यांचे दोन्ही माग असेच आलेले,
बंद पडलेल्या कारखान्यातून, ट्रकमध्ये उभे,
बाजूच्या बिडावर दुसऱ्याच कुणाचं नाव ओतलेलं.
ते त्यांनी कधी घासलं नाही.
खंडेनवमीला हळदकुंकू त्या नावावरच लागतं.

आईनं बटणांमधला लाल ठिपका पाहिला.
"याची पूजा झालेली दिसते की गं."

कुणाचा होता, मला माहीत नाही.
तळहात टेकतात तिथं दोन चकचकीत डाग आहेत,
माझ्या हातांना बोटभर मोठे पडतात.
उंच असेल. किंवा दमलेला,
सगळा भार टाकून बसणारा.
अक्षरं बरीच शाबूत आहेत,
झिजलंय ते खोडायचं बटण.
इतकं काय लिहून खोडत होतास रे?
रजेचा अर्ज?
माझं बोट आता त्याच खळग्यात जातं.
मी डझनाचे आकडे खोडते,
चौदा कारखान्यांची टॉवेलची बिलं,
गुलाबी तीस बाय साठ, मेंदी सोळा बाय सव्वीस,
जीएसटीचा एक शून्य जास्त पडलेला.

चालू केला की जरा विचार करतो.
तोवर चहाला आधण येतं.
बॅटरी दोन तास दहा मिनिटं,
एप्रिलात दीड, तेही लाईट जाणार हे धरूनच.
खाली दोन रिकाम्या कांड्या सरकवते, वारा खेळायला.
मागच्या वर्षी जुनी प्रणाली म्हणाली, आता आमचा तुमचा संबंध संपला.
इरफाननं दुसरी टाकून दिली, फुकटची.
त्यामुळं हल्ली साखर पेठेत, त्रेचाळीस डिग्रीत,
आमच्या पडद्यावर एक पेंग्विन बसलेला असतो.

श्रीनिवासचा नवा आहे, कडक भाकरीएवढा पातळ.
त्याच्यावर अर्धा कप चहा सांडला आणि तो गेला.
उघडतच नाही, आतून चिकटवलाय म्हणे.
माझ्यावरही सांडला होता. यानं खालच्या भोकांतून
सगळा चहा टेबलावर सोडून दिला,
थोडा चिकटपणा ठेवला, आणि चालू राहिला.

गेल्या शुक्रवारी पंखा ओरडायला लागला.
तीन वर्षांत पहिल्यांदा इरफाननं पाठ काढली.
आत, पंख्याच्या तोंडाशी, तंतूंची गादी:
गुलाबी, मेंदी, परत गुलाबी,
दिवाळीच्या ऑर्डरची पिवळी एक पट्टी.
आमच्या मागांनी उडवलेलं सगळं
याच्या छातीत थरावर थर बसलेलं.
आणि अगदी तळाशी
राखाडी, बारीक, एकाच रंगाची धूळ,
गालिच्याची असावी, जिथं खिडक्या उघडत नाहीत अशा जागेची.

त्यानं ब्लोअर उचलला. "थांब," म्हटलं.
"काय झालं?"
काही नाही. बघते जरा.

वर जिन्यावरून कुणीतरी उतरत होतं, चपला वाजवत.
मग मी मान हलवली.
आधी आमचे रंग उडाले. ती राखाडी निघता निघेना,
टूथब्रशनं खरवडावी लागली.

दीडशे रुपये झाले.
डोकं गेलेला स्क्रू त्यानं बदलला, म्हणाला, हा माझ्याकडून.
तो एकटाच आता नवा दिसतो, उगाच चमकतो,
स्टिकरच्या शेजारी.