वजा सोळा

वेंगुर्ल्यात बर्फाच्या फॅक्टरीमागे माझी खोली.
भिंतींना गाद्या, दाराला गोणपाट,
तरी कॉम्प्रेसरची घरघर आत येतेच.
(हा कॉम्प्रेसर माझ्या यादीतला नव्हे.)

स्क्रीनवर तीन मीटर.
एक फुकटचा, तलाठ्यासारखा, नुसते आकडे.
एक रंगीत, चौदा दिवसांपुरता; आज बारावा.
तिसऱ्याची किंमत बघून मी चहा ठेवायला उठले.

बाबल मेस्त्रींची पखवाजावर थाप पडली
की पट्टी लाल,
आणि दशावतारातला राजा बोलू लागला की तीच पट्टी
ओहोटीला होडी रुतावी तशी.

लिमिटर लावला. दाबून लावला.
तासलेल्या चिऱ्यांसारखं सगळं एका उंचीचं झालं,
राजा आणि संकासूर
एकाच गळ्यातून भांडू लागले.
काढून टाकला.

मोचेमाडच्या खाजणात मामा उघाडी सांभाळायचा.
अमावास्येचं पाणी अडवायचं खरं,
पण सगळंच अडवलं तर मासा कुठून यायचा?
फळी बोटभर वर ठेवायचा तो.

लिमिटर परत लावला.
बोटभर.

मेस्त्रींनी डोळे मिटून ऐकलं.
"आकडो किती?"
"वजा सोळा. चौदा हवेत."
"मोठो नको गो. जवळ होयो."

जवळ मोजणारं
यादीत काहीच नाही.
फुकटचाच ठेवला.

दोन वाजता फॅक्टरी थांबली
तेव्हा ऐकू आलं, शेवटच्या झांजेनंतर
मेस्त्रींनी सोडलेला श्वास.
तिन्ही मीटर ढिम्म.
कापला नाही मी तो.