पावणेदोन किलो

कोचामोत पाऊस थांबतो कधी, असं
बाहेरगावचे विचारतात.
आम्ही विचारत नाही.
आम्ही पत्र्यावरच्या आवाजावरून
किती वाजले ते सांगतो.

एवारिस्तो मान्सिया दुकानात आला तेव्हा
पत्र्यावर एक वाजत होता.
सोबत नात, यास्ना, हातात यादी:
तंबू आहे. स्टोव्ह आहे. खेचरं विकली.
खेचरं यादीत कशाला, मी विचारलं नाही.

दोन स्लीपिंग बॅगा काढून ठेवल्या.
एक हंसाच्या पिसांची. मुठीत मावते,
किंमत मात्र मावत नाही.
दुसरी धाग्यांची, बारीक, पोकळ धागे,
कुणीतरी पिऊन टाकलेल्या बाटल्या वितळवून ओढलेले.
पिशवीत कोंबताना गुडघा लावावा लागतो.
पावणेदोन किलो.

म्हातारा म्हणाला, पिसांची.
हंस कधी गारठलेला पाहिलायस?

हंस स्वतःला तेल लावतो, दादा.
या बॅगेला रोज कोण लावणार?

मग माझा नेहमीचा खेळ:
रुमालाएवढे दोन चौकोन, एकात पिसं, एकात धागे,
दोन्ही बुडवले पाण्याच्या मगात.
पिसांचा बाहेर आला
नदीतून काढलेल्या मांजरासारखा.
धाग्यांचा मी पिळला, झटकला, तर तो
थोडा ओशाळून
पुन्हा फुगला. पहिल्याइतका नाही, पण फुगला.

म्हाताऱ्यानं दोन बोटांत धरून पाहिला.
लोकर अशीच असते, म्हणाला.
भिजली तरी माणसाला सोडत नाही.
हे कुठल्या जनावराचं?

कुठल्याच नाही.

मग याला कसं कळतं
थंडी म्हणजे काय ते?

याचं उत्तर लेबलवर नसतं.
लेबलवर असतं: उणे सात.
मी यास्नाला म्हटलं, उणे सात म्हणजे मरणार नाहीत, एवढंच.
झोप हवी असेल तर शून्याच्या खाली जाऊ नका.
तिनं लिहून घेतलं.

घालून बघा म्हटल्यावर त्यानं बूट काढले.
डाव्या मोज्यातून अंगठा.
गॅसच्या डब्यांच्या फळीखाली आडवा झाला,
चेन हनुवटीपर्यंत.
अंथरूण पाहून पाय पसरायचे असतात,
पण बॅग घेताना उलटं: आधी पाय पसरा, मग अंथरूण ठरवा.
खांदे अडकतात का, दादा?
तळाशी वीतभर जागा राहते का?

दादा?

झोपला होता.

तोंड उघडं, हात आतच.
यास्ना माझ्याकडे बघायला लागली, मी शटरकडे.
अर्धं ओढून घेतलं.
स्टुलावर बसून तिनं पाव खाल्ला, चावताना आवाज न करता.
खेचरं गेल्यापासून घरी झोपत नाहीत, म्हणाली.
रात्रभर चुलीपाशी बसतात, लाकडं मोजतात.
आता म्हणतात, वरच्या खिंडीतली झोपडी तुला दाखवतो,
जिथून ते गुरं पलीकडे नेत.
झोपडी आहे का अजून?
कुणास ठाऊक. म्हणून तर तंबू.

मग ती उठली,
तसलीच दुसरी बॅग फळीवरून काढून काट्यावर ठेवली.
पावणेदोन.
आणि त्यांची पावणेदोन.
काही न बोलता स्वतःच्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली,
जसं वजन चढवण्याआधी
जनावराच्या पाठीवर ठेवतात.

साडेतीन, ती म्हणाली. चालेल.

पत्र्यावर तीन वाजले तेव्हा म्हाताऱ्यानं डोळे उघडले.
पाऊस थांबला का? त्यानं विचारलं.
जन्म कोचामोत गेलेला माणूस.

नंतर म्हणाला, ही नको, फार उकडतं.
तोवर यास्ना पैसे मोजत होती.

मी सांगितलं, घरी दाबून ठेवू नका.
पिशवीत वर्षभर कोंबून ठेवलं की धागे मोडतात,
फुगायचं विसरतात.
खुंटीला मोकळी टांगा.

खुंटी आहे, तो म्हणाला. खोगिराची.
रिकामीच आहे.

यास्नानं तेही यादीत लिहिलं,
खेचरांच्या खाली.