सव्वादोनचं माप

दौलतगंजात गच्चीवर, जानेवारीच्या उन्हात
माझं डोहाळजेवण मांडलं होतं.
ताराक्कांनी दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या,
एकीत पेढा, एकीत बर्फी,
आणि हमीदन मनिहारीण पेटी उघडून बसली होती.

"सव्वादोन," मी म्हणाले. लग्नातलं माप.
तिनं माझा हात मांडीवर घेतला,
बोटांची चोच केली, अंगठा आत दुमडला.
बांगडी अंगठ्याच्या उंचवट्याशी अडली.
अडीचची काढली. तीही अडली.

बायका हसल्या.
दोन जिवांची आहे, अंग भरणारच.
लाडू जरा कमी खा गं.
ग्वाल्हेरची थंडी, सुजतातच हात.

हमीदन हसली नाही.
माझ्या नडगीवर तिनं अंगठा दाबला,
थोडा वेळ थांबली, उचलला.
खळगा तसाच राहिला
कणकेत राहतो तसा.

"सर दुखता है?"
आठवडाभर दुखत होतं.
मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या होत्या;
तडतडल्या तेव्हा ताराक्का म्हणाल्या, बघ केवढी दृष्ट!
डोळ्यांपुढे काजवे येत, ते मी विणकामावर ढकललं,
बरगडीखाली दुखे, त्यावर थंड दूध.
तपासणीचं कार्ड पाचव्या महिन्यापासून फडताळात होतं,
कारण सगळं नीटच तर चाललं होतं.

हमीदननं पेटी मिटली.
म्हणाली, ओटी मग भरा, हिला आत्ता न्या.
"बांगडीवाली आता डॉक्टरकी शिकवणार?"
"मी बांगड्याच भरते, बाई.
पण हात मला कळतात."

टेम्पोत सासूबाईंनी माझं डोकं
दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, भरल्या घागरीसारखं.
कमलाराजात डॉक्टर भदौरिया, अगदी पोरसवदा,
त्यांनी दंडाला काळी पट्टी बांधली.
ती बसली. तिला कुठलंही माप चालतं.
एकशे सत्तर, एकशे बारा.
लघवी चिमट्यात धरून तापवली,
ती अंड्याच्या बलकाभोवतीसारखी पांढरी दाटली,
आणि मग सगळे भराभर चालू लागले.

अंगठी साबणानं निघेना. कापली.
सुईतून ऊन शिरलं, कानशिलापासून तळव्यापर्यंत.
"गरम वाटेल," सिस्टर म्हणाली, "झटका येऊ नये म्हणून आहे हे,"
आणि तासातासाला गुडघ्यावर हातोडी मारून बघत राहिली
पाय उडतो का.

शेजारच्या खाटेवर भिंडकडून आणलेली बाई होती.
घरी तिला दोनदा झटके आले,
घरच्यांना वाटलं अंगात आलं,
लिंबू उतरवण्यात रात्र गेली.
पहाटे तिच्या खाटेवर नवी चादर होती.
मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मुलगी काढली. चौदाशे ग्रॅम.
काचेच्या पेटीत सदतीस दिवस.
वाट्या कुणी उघडल्याच नाहीत;
पेढा की बर्फी, ते गच्चीवरच्या मुंग्यांना ठाऊक.

पुढे खूप वर्षांनी
हमीदन दुकानाच्या फळीवर काच पुसता पुसता बोलली,
तिच्या नजमाच्या हातातल्या बांगड्या उतरत नव्हत्या,
शेवटी फोडाव्या लागल्या.
कधी, ते तिनं सांगितलं नाही.
पुसत राहिली, पुसलेलीच काच.

दर जानेवारीत मी दंडाला पट्टी बांधून घेते.
भदौरियाबाई म्हणाल्या होत्या,
हे दुखणं बाळंतपणासोबत जातं
पण घराचा पत्ता विसरत नाही.
तिथून सरळ हमीदनकडे.
नजर अधू झालीय तिची, हात हातात घेते,
सांधा न् सांधा दाबते, बराच वेळ बोलत नाही.
"सव्वादोन कुठली आता," म्हणते, "अडीच लागेल.
वय आहे.
सूज नाही."